कोपरावरचं जाळं

ज्योत्स्नाच्या झोळीत औषध सोडून सगळं असायचं. कपडे वाळत घालायचे चिमटे, सायकलच्या ट्यूबचे कापलेले पट्टे, एक कुलूप आणि त्याला न लागणाऱ्या तीन किल्ल्या, भातुकलीतलं लाटणं, पिळून पिळून मऊ झालेला हिरवा रबरी गोळा, आणि सगळ्यात वर, चटकन हाताला लागेल असं, लांब दोन पात्यांचं प्लास्टिकचं कोनमापक. तिची स्कूटी गावात शिरली आणि ती झोळी उतरवायला लागली, की बायका तिला फेरीवाली समजून घरातून जुनी भांडी घेऊन बाहेर यायच्या. एका आजीनं तर कंगव्यातून काढून वर्षभर साठवलेल्या केसांचा गुंता तिच्या हातावर ठेवला आणि विचारलं, "याचं काय देतेस वं?"

"मी केसं नाई घेत, आजी. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहो."

आजीनं गुंता परत घेतला. "मंग आधी सांगाचं ना."

कुरखेड्याजवळच्या, धान म्हणजे भात पिकवणाऱ्या घरात जन्मलेली ज्योत्स्ना नागपुरात साडेचार वर्षं शिकून आली, तरी ती नेमकं काय शिकली हे घरात कोणालाच सांगता येत नव्हतं. वडील म्हणायचे, "हाताची डॉक्टर." आईला ते अपुरं वाटायचं. ती बांधावर सगळ्यांना सांगायची, "आमची ज्योत्स्ना कामाची डॉक्टर हाये." त्यावर शेजारच्या बाईनं एकदा साळसूदपणे विचारलं होतं, "म्हंजे बाकीचे बिनकामाचे?"

आईचं उत्तरच खरं तर सगळ्यात जवळचं होतं. कुरखेड्यातल्या एका लहान संस्थेनं ज्योत्स्नाला एक टेबल, एक कपाट आणि एक यादी दिली होती. यादीत चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून एक्केचाळीस नावं. कुणाला सिकलसेल, कुणाला थॅलेसेमिया, कुणाला हिमोफिलिया, म्हणजे जखम झाली तर रक्त लवकर न थांबण्याचा जन्माचा आजार. या सगळ्यांना कधी ना कधी जीव वाचवायला बाहेरचं रक्त किंवा रक्तापासून केलेलं काही चढवलं होतं, आणि त्या पिशवीतून दुसराच आजार अंगात आला होता. औषधं द्यायला डॉक्टर होते. कागदपत्रांची लढाई लढायला दुसरे लोक होते. ज्योत्स्नाचं काम त्याच्या पुढचं. गोळी घेतल्यावर दिवस उरतो, त्या दिवसाचं काय करायचं?

म्हणून ती "काय दुखते?" असं कधी विचारायची नाही. तिचा पहिला प्रश्न ठरलेला होता : "तुमाले काय कराचं हाये?"

या प्रश्नानं माणसं आधी गोंधळायची, मग हसायची, आणि मग काहीतरी भलतंच सांगायची. एका बाईला सगळं अंगण एका दमात सारवायचं होतं, मधे बसायचं नाही म्हणजे नाही. एकाला मोहाची फुलं वेचायची होती. मोहर्लीच्या निकेशला जंगलात पुन्हा गाईड म्हणून जायचं होतं, पण पाय बधिर झालेले, जिप्सीवर चढता यायचं नाही. ज्योत्स्ना त्याच्यासाठी स्वतः सफारीला गेली. वाघ रस्त्यावर आला. जिप्सीतले सगळे श्वास रोखून उभे राहिले. ज्योत्स्ना मात्र मागच्या बाजूला ओणवी होऊन टेपनं पायरी मोजत होती. "बासष्ट सेंटिमीटर!" ती आनंदानं ओरडली आणि वाघ निघून गेला. पर्यटक संतापले. निकेशला मात्र मधे एक लोखंडी पायरी मिळाली, आणि तो आजही प्रत्येक गटाला आधी ती पायरी दाखवतो, मग जंगल.

यादीतलं सत्ताविसावं नाव इस्तारीचं होतं. पळसटोल्याचा, ढिवराच्या म्हणजे मासेमाराच्या घरचा, वय एक्केचाळीस, आजार हिमोफिलिया. त्याला हा प्रश्न तिनं तीन वेळा विचारला. तिन्ही वेळा तो म्हणाला, "काई नाई."

चौथ्या वेळी त्याची बायको गोकुळा चुलीजवळून ओरडली, "सांगत काऊन नाई त्या पोरीले? रोज झोपेत बडबडता ते सांगा ना!"

इस्तारीनं डाव्या हातानं मान खाजवायचा प्रयत्न केला. हात अर्ध्यावरच थांबला. त्या कोपराच्या सांध्यात इतक्या वेळा रक्त उतरलं होतं, की ते आता वाकलेलंच राहायचं, मुडपलेल्या खिळ्यासारखं.

"पहिलं जाळं," तो म्हणाला.

ते काय, हे पळसटोल्यात कुणालाही विचारावं लागत नाही. गावाला एक मामा तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांनी बांधलेला तलाव, आहे. होळीनंतरच्या पहिल्या रविवारी तलावातली मोठी मासेमारी सुरू होते, आणि सगळ्यांआधी एक जाळं पडतं. ते फेकायचा मान इस्तारीच्या घराचा, आजाच्या आजापासूनचा. पण मान तिथंच संपत नाही. पहिलं जाळं फेकून झालं, की तेच जाळं एका हातातून दुसऱ्या हातात जातं. गावातल्या प्रत्येक घरचा माणूस त्याच जाळ्यानं एकेक फेक करतो, आणि फेकायचं कसं, तर पहिल्यानं जसं फेकलं तस्संच. त्यात कानामात्रेचा फरक चालत नाही. देवाजी म्हणजे इस्तारीचा आजा, तो एका वर्षी फेकायला गेला आणि त्याची एक चप्पल चिखलात अडकली. त्या वर्षी सगळ्या गावानं एका पायात चप्पल घालून जाळं फेकलं. ज्यांना चपलाच नव्हत्या त्यांनी शेजाऱ्याची मागून आणली. ही गोष्ट पळसटोल्याचे लोक अजूनही अगदी गंभीरपणे सांगतात.

आता फेकजाळं फेकताना दोन हात पुरत नाहीत. जाळ्याची एक बाजू उजव्या हातात, एक डाव्या हातात आणि तिसरी कड दातांत. अंगाला झोका देऊन फेकायचं आणि नेमक्या क्षणी तोंड उघडायचं, तेव्हा कुठे काठाला शिशाच्या गोळ्या लावलेलं जाळं पाण्यावर गोल उघडतं. म्हणजे पहिल्या रविवारी एकच कड सगळ्या गावाच्या तोंडातून फिरायची. आणि इस्तारीचं सगळं घोडं अडलं होतं ते तोंडापाशीच.

सोळा वर्षांचा असताना त्याची एक दाढ काढली. रक्त थांबेना. एक दिवस, दोन दिवस. बापानं त्याला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं पिशव्या चढवल्या, पोरगा वाचला, बापानं नारळ फोडला. त्या पिशव्यांतून काय आलं ते कळायला वीस वर्षं गेली. गावात तपासणीचं शिबिर लागलं आणि इस्तारीच्या रक्तात काविळीचा तो चिवट प्रकार सापडला, ज्याला डॉक्टर 'सी' म्हणतात. तीन महिने गोळ्या घेतल्या. पुन्हा तपासलं तर विषाणू साफ गेला होता. यकृतावर थोडे वण राहिले, लवकर दमायला व्हायचं, पण आजार गेला.

गोकुळानं तो रिपोर्ट कुरखेड्यात नेऊन लॅमिनेट करून आणला. देवाच्या फोटोंशेजारी खिळा ठोकून टांगला. कोणी आलं की पाण्याच्या आधी रिपोर्ट. पण शिबिराची बातमी चार दिवसांत गावभर झाली होती, आणि आजार गेल्याची बातमी चार वर्षांत शेजारच्या घरापर्यंतही पोचली नव्हती. इस्तारीच्या हिरड्यांतून अधूनमधून रक्त यायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानं दातांत धरलेली कड आपल्या दातांत धरायला कोणी तयार होईना. पहिलं जाळं त्याचा चुलतभाऊ सुरेंद्र फेकू लागला. आधी म्हणाले, या वर्षापुरतं. मग पुढच्याही वर्षापुरतं. अशी चार वर्षं झाली. आणि गावाचा नियम असा, की पाच वर्षं ज्या घरानं पहिलं जाळं फेकलं नाही, त्या घराचा मान गेला. कायमचा.

होळीला सात आठवडे उरले होते.

ज्योत्स्नानं फाईल उघडली आणि ध्येयाच्या रकान्यात लिहिलं : पहिलं जाळं. मग दोन वेळा अधोरेखित केलं. मग तिला इतका आनंद झाला, की तिनं झोळीतला हिरवा गोळा काढून स्वतःच पिळायला सुरुवात केली.

मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष गुणवंतराव पिंपळाखाली खुर्ची टाकून बसले होते. ज्योत्स्ना सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"इस्तारीभाऊंनी दात वापरलेच नाई, तर फेकू द्याल का, काका?"

गुणवंतरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "दाताबिगर फेकजाळं? बाई, तुमी धानवाले ना?"

"हाव."

"मंग मी म्हनलं का कधी, की धान चिखलाबिगर लावा?"

आजूबाजूचे हसले. ज्योत्स्नाही हसली, कारण उपमा चांगली होती. मग ती म्हणाली, "पन लावला तर?"

"जाळं गोल उघडलं पायजे. पुरं. गठोडं होऊन पडलं, तर मान सुरेंद्रच्या घरी. मंजूर?"

"मंजूर," ज्योत्स्ना म्हणाली, आणि स्कूटीपर्यंत चालत जाईपर्यंत तिला कळलं, की आपण ज्या गोष्टीची हमी दिली ती कशी करतात हे आपल्याला काडीइतकंही माहीत नाही.

तेव्हा ती आधी स्वतः शिकली. हा तिचा नियमच होता, जे काम माणसाला परत द्यायचं ते आधी आपल्या अंगावर घेऊन बघायचं. इस्तारी बाजेवर बसून सांगायचा, ती अंगणात जाळं फेकायची. पहिल्या दिवशी जाळं तिच्याच डोक्यावर पडलं. दुसऱ्या दिवशी गोकुळाच्या दोन कोंबड्या सापडल्या. तिसऱ्या दिवशी जाळं उत्तम गोल उघडलं आणि पोस्टमन हेमराज सायकलसकट त्यात आला.

"बाई, मी नुसतं पत्र द्याले आलो!" हेमराज जाळ्यातून ओरडला.

"हलू नका भाऊ, शिशाच्या गोळ्या गुंततात!" ज्योत्स्ना धावत म्हणाली, आणि त्याला सोडवण्याआधी तिनं जाळ्याचा घेर मोजून घेतला.

बाजेवर इस्तारी हसत होता. गोकुळा नंतर म्हणाली, "चार वर्षांत पयल्यांदा यांचे सगळे दात दिसले मले. जे हायेत ते."

पण हसणं वेगळं आणि कोपर वेगळं. ज्योत्स्नानं कोनमापक लावलं. डावा हात सरळ व्हायला साठ अंश कमी पडत होते. तिच्या पुस्तकात सांधा हळूहळू मोकळा करायच्या पद्धती होत्या. डॉक्टरांना विचारून, तिनं गरम पाण्याचा शेक, ट्यूबचे पट्टे, हलका ताण असं रोज थोडं थोडं सुरू केलं. इस्तारी लवकर दमायचा, म्हणून तिनं त्याचा दिवसही कापून शिवला. पाणी भरायचं ते बसून, मग विसावा, मग व्यायाम, मग विसावा. सकाळची ताकद दुपारसाठी राखून ठेवायची. इस्तारीनं ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे आळशीपना वेळापत्रकानं कराचा."

"अगदी बरोबर!" ज्योत्स्ना म्हणाली.

सांध्याला ताण द्यायच्या दिवशी रक्त गोठवणारं इंजेक्शन आधी घ्यावं लागायचं. आता ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, तपासलेलं असतं, नवीन पद्धतीनं बनवलेलं असतं. हे सगळं ज्योत्स्नानं त्याला समजावलं होतं. तरी कुपी समोर आली, की इस्तारीचा चेहरा भिंतीकडे वळायचा. तो घेणार नाही असं म्हणायचा नाही. फक्त म्हणायचा, "गोकुळा, वाच."

मग गोकुळा कुपी उजेडात धरून वरचं सगळं मोठ्यानं वाचायची. बनवल्याची तारीख, संपायची तारीख, तुकडीचा आकडा, एकेक अक्षर लावून, लग्नपत्रिका वाचतात तशी. नर्सबाई घाईत असल्या तरी थांबायच्या. वाचून झालं की इस्तारी हात पुढे करायचा. ज्योत्स्नानं एकदाही 'कशाला वाचता' म्हटलं नाही. सोळाव्या वर्षी त्याच्या पिशवीवरचं कोणी वाचलं नव्हतं. आता तो वाचूनच घेणार होता.

पाच आठवडे झाले. एका सकाळी ज्योत्स्नानं कोन मोजला, परत मोजला, आणि अंगणात उडीच मारली. "छप्पन्न! भाऊ, साठावरून छप्पन्नवर आलो! चार अंश!"

इस्तारीनं हाताकडे पाहिलं. हात जसा होता तसाच दिसत होता. "बाई, चार अंशात मासा येते का?"

ज्योत्स्नानं मनात हिशेब केला. आठवड्याला एक अंशही नाही. होळी बारा दिवसांवर. इस्तारीला दोन हातांनी नीट फेकताच येत नव्हतं, मग तिसरी कड धरायची कुठे? तिनं ट्यूबचा पट्टा करून पाहिला होता, गळ्यात आकडा अडकवून पाहिला होता. एकदा कपड्यांचे चिमटे त्याच्या सदऱ्याला लावले, तर सदरा जाळ्यासोबत उडून गेला. तेव्हा सगळे हसले होते. आता तिला हसू येईना. ती अंगणात पायरीवर बसली, हातात हिरवा गोळा, आणि गोळ्याची पार चपाती झाली.

आणि तेवढ्यात गोकुळा तलावावरून धुणं घेऊन आली. दोरी भरली होती. इस्तारी मधेच उभा होता, डावा हात नेहमीसारखा मुडपलेला. गोकुळानं जाता जाता ओलं, जड लुगडं त्याच्या कोपराच्या खोबणीत टाकलं, वर टॉवेल टाकला, वर बनियन टाकली. "जरा थांबा असेच," म्हणाली आणि उरलेलं पिळायला गेली.

"मी मानूस आहो का दांडी?" इस्तारी फिरत म्हणाला. तो कमरेतून चांगला गर्रकन फिरला. लुगडं पडलं नाही. त्यानं हात झटकला. तरी पडलं नाही. शेवटी वैतागून त्यानं खांदाच खाली टाकला, तेव्हा सगळं धुणं एकदम, सपकन, पसरून पुढे गेलं. लुगडं अंगणभर उघडलं.

"माहं धुतलेलं लुगडं!" गोकुळा किंचाळली.

ज्योत्स्नाही किंचाळली. पण वेगळ्या कारणानं. "भाऊ! पुन्हा करा! वहिनी, ते लुगडं द्या पुन्हा!"

"कायचं पुन्हा? मातीत गेलं ना ते!"

"मी धुऊन देतो, दहा वेळा धुऊन देतो, द्या!"

त्या सकाळी ते लुगडं नऊ वेळा उडालं. ज्योत्स्ना गुडघ्यांवर बसून, कधी जमिनीवर आडवी होऊन, कोपर बघत होती. सरळ हाताचा माणूस झोका देतो तेव्हा त्याचं कोपर आपोआप उघडतं आणि त्यावर टाकलेलं सगळं आधीच घसरून पडतं. म्हणून तर लोक दातांत धरतात. इस्तारीचं कोपर उघडतच नव्हतं. तो खांदा टाकेपर्यंत ओझं तिथंच थांबत होतं. जाळ्याला हवा होता तो तिसरा हात, आणि तो पाच आठवडे तिच्यासमोर मुडपून उभा होता.

"मी मूर्ख आहो," ती धुळीत बसून आनंदानं म्हणाली. "भाऊ, मी पाच आठवडे तुमचा आकडा सरळ करून राह्यलो होतो!"

इस्तारीनं कोपराकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग काळजीनं विचारलं, "मंग ते चार अंश वापस कराचे का?"

उरलेल्या दिवसांत त्यांनी फक्त फेकलं. लुगड्यावरून हलक्या जाळ्यावर, हलक्यावरून खऱ्या जाळ्यावर. दिवसाला सहा फेकी, त्याहून एक जास्त नाही. सातवी मागितली की ज्योत्स्ना जाळ्यावर बसायची. कुरखेड्याच्या संस्थेला पाठवायच्या अहवालात तिनं लिहिलं, 'कोपर सरळ करण्याचा उपचार थांबवला. कोपर कामाला लागलं आहे.' तिथल्या साहेबांचा फोन आला, की हे वाक्य समजलं नाही. ती म्हणाली, "सर, रविवारी तलावावर या."

रविवारी सकाळी आधी दवाखाना झाला. गोकुळानं कुपी वाचली, त्या दिवशी जरा जास्तच मोठ्यानं. मग तलाव. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, सगळं गाव.  ज्योत्स्नानं झोळी छातीशी धरली होती आणि आत चिमटे खुळखुळत होते.

सुरेंद्र आपलं जाळं घेऊन तयार उभा होता. इस्तारीचं फसलं तर लगेच फेकायचं म्हणून त्यानं कडही दातांत धरून ठेवली होती. गुणवंतरावांनी नियम सांगितले, तलावाचं कौतुक सांगितलं, स्वतःचं थोडं सांगितलं. तोवर सुरेंद्रच्या तोंडाला पाणी सुटून हनुवटीवरून गळायला लागलं.

"सुरेंद्र, काई बोलाचं हाये का?" गुणवंतरावांनी विचारलं.

"उं उं," सुरेंद्र म्हणाला.

"त्याची हरकत नाई," गुणवंतरावांनी जाहीर केलं.

इस्तारी पाण्यात गुडघाभर उतरला. त्यानं दोरी मनगटात अडकवली. जाळ्याचा एक भाग उजव्या हातात घेतला, एक डाव्या मुठीत, आणि उरलेली सगळी घडी सावकाश डाव्या कोपराच्या खोबणीत ठेवली. त्याचं तोंड मिटलेलं होतं. पाळीवर कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, "धुनं वाळत घालून राह्यला काय?" गोकुळानं मागे वळून अशी नजर टाकली, की तो माणूस दुसऱ्या माणसामागे गेला.

इस्तारी एकदा झुलला. जाळं घसरलं नाही. दुसऱ्यांदा झुलला. मग तो कमरेतून फिरला आणि ज्योत्स्नानं डोळे घट्ट मिटले. सात आठवडे प्रत्येक फेक डोळे फाडून बघितलेल्या बाईनं नेमकी हीच फेक बघितली नाही. तिनं ऐकली. शिशाच्या गोळ्या पाण्यावर पडल्या, एका जागी धप्पकन नाही, तर गोल फिरत, सगळ्या बाजूंनी एकदम, तव्यावर मोहरी तडतडावी तशा.

तिनं डोळे उघडले तेव्हा पाण्यावर एक पुरं गोल वर्तुळ पसरत होतं.

 गुणवंतराव चष्मा पुसायला लागले. "उघडलं," ते म्हणाले. मग त्यांनाच ते कमी वाटलं. "पुरं उघडलं बाप्पा!"

जाळ्यात तीन रोहू, मूठभर झिंगे आणि एक चप्पल निघाली. म्हाताऱ्या लोकांनी शपथेवर सांगितलं, की ती देवाजीचीच.

मग ती गोष्ट आली, जिचा विचार ज्योत्स्नानं केलाच नव्हता. इस्तारी जाळं घेऊन पाळीवर आला आणि ते पुढच्या माणसापुढे धरलं. पुढचा माणूस सुरेंद्र. सगळं गाव बघत होतं. चार वर्षांत इस्तारीच्या हातचं पाणीसुद्धा कोणी घेतलं नव्हतं. सुरेंद्रनं आपल्या जाळ्याची कड दातांतून काढली, तोंड पुसलं, आणि इस्तारीच्या हातातलं ओलं जाळं दोन्ही हातांनी घेतलं. सवयीनं त्याची कड तोंडाकडे चालली.

"ए!" गुणवंतराव गरजले. "पयल्यानं दातात धरलं का?"

"नाई."

"मंग? नियम म्हंजे नियम. कोपरावर!"

सुरेंद्रनं घडी कोपरावर ठेवली, झोका दिला, त्याचं निरोगी कोपर सरळ झालं आणि सगळं जाळं गठोडं होऊन त्याच्याच पायावर पडलं. पाळ हसून फुटली. दुसरा आला, त्याचंही गठोडं. तिसऱ्यानं जाळ्यासोबत स्वतःलाही फेकलं. पळसटोल्याचे पट्टीचे ढिवर, चाळीस चाळीस वर्षं जाळं फेकलेले, एकामागून एक धपाधप पडत होते, आणि एकालाही दातांचा आधार घेता येत नव्हता, कारण नियम म्हणजे नियम.

शेवटी सुरेंद्र चिखलानं माखलेला परत आला. "इस्तारीभाऊ, कसा ठेवू बे हा कोपर?"

इस्तारीनं त्याचा हात धरला, वाकवला, डोळा बारीक करून पाहिलं. "अजून वाकव. अजून. आता खांदा पडेपर्यंत उघडू नको." मग मागे न बघता त्यानं हात पसरला. "बाई, ते तुमचं माप द्या इकडं."

ज्योत्स्नानं कोनमापक दिलं. इस्तारीनं ते सुरेंद्रच्या कोपराला लावलं, अगदी ती लावायची तसं, सांध्याच्या मधोमध. रांग लागली. चाळीस माणसं कोपर पुढे करून उभी होती आणि इस्तारी एकेकाचा हात हातात घेऊन वाकवत होता. "छप्पन्न! छप्पन्न म्हनलं ना, हे किती हाये? घरी जाऊन व्यायाम कर!" दमला की तो पाळीवर बसायचा, वेळापत्रकाप्रमाणे, आणि रांग तो उठेपर्यंत थांबायची.

ज्योत्स्नाला हसू आवरेना. हसता हसता तिनं फाईल काढली, ध्येयाच्या रकान्यापुढे बरोबरची खूण केली. खूण लांबत लांबत पानाबाहेर गेली.

पाळीच्या टोकाला गोकुळानं तीन दगडांची चूल मांडली होती. रोहूचे तुकडे पातेल्यात पडले, पण लाकडं ओली, नुसता धूर. वेळ पडली तर गुणवंतरावांना दाखवायचा म्हणून तिनं लॅमिनेट केलेला रिपोर्ट पदराखाली आणला होता. तिनं तो काढला, एकदा दोन्ही बाजूंनी पाहिला, आणि चुलीपुढे बसून त्यानंच जोरजोरात वारा घालायला लागली. जाळ भडकला.

"बस वं ज्योत्स्ना," ती म्हणाली. "सुरेंद्र, तूही ये. पन आधी हात धुऊन ये, सगळा चिखल हाये तुया हाताले."